एक, तीन, चार, दोन

एक

दाताच्या डॉक्टरची खुर्ची होती ती. पाठ काढलेली, हात छाटलेले, गादीच्या जागी लोखंडी चौकट वेल्ड केलेली, आणि त्या चौकटीवर बोल्ट आवळून इंजिनाचा रिकामा ठोकळा बसवलेला. पायाने पंप मारला की ठोकळा वर यायचा, कळ दाबली की सुस्कारा टाकत खाली. मोठे काका गॅरेजच्या दारात आले, "काय कसं काय" म्हणायच्याही आधी खुर्चीकडे बघत राहिले, आणि मग ठोकळ्याच्या चार भोकांपुढे वाकून म्हणाले, "आ कर."

कवळी हसली. हे नाव तिला ठेवलं होतं तेही काकांनीच. ती लॅबमध्ये माणसांचे दात बनवायची, कवळ्या, टोप्या, पूल. पण अख्ख्या घरात तिला खऱ्या नावाने हाक मारणारी एक आईच होती, आणि ती गेल्याला आता बरेच दिवस झाले.

"हसतेस काय? पाठीला रग लागलीय माझ्या. गाडीतून उतरवा आधी त्या बाईला."

बाई म्हणजे क्रँक. काकांनी तो भलामोठा वाकडातिकडा दांडा टॅक्सीच्या मागच्या सीटवर उभा बसवून पट्टा लावून आणला होता, आणि काकू शेजारी बसून सबंध रस्ताभर त्याला खांद्याने आधार देत आली होती.

"आडवा ठेवला असता तर काय झालं असतं हो?" काकू पदराने खांदा पुसत म्हणाली. "ड्रायव्हर आरशातून बघत होता. त्याला वाटलं असेल कुणाचं तरी प्रेत आहे."

"आडवा ठेवला की वाकतो. किती वर्षं कपाटात उभा ठेवलाय, आता शेवटच्या दिवशी वाकवू?"

"माझे कोट घडी घालून ट्रंकेत, आणि हा हँगरच्या जागी," काकू कवळीला म्हणाली. "सवत बरी. निदान सवतीला बाहेर फिरायला तरी नेता येतं."

आतून बाबा आले. हातात फडकं होतं. चष्म्याचं दुकान बंद केल्यापासून त्यांना काहीतरी पुसत राहिल्याशिवाय चैन पडत नसे. दोघे भाऊ एकमेकांकडे बघून मान हलवून मोकळे झाले. तेवढंच. दादा, मधल्या, असं काही नाही, आणि मिठी वगैरे तर दूरच.

"धाकटी कुठाय?" काकांनी विचारलं.

"येतेय. हेड टेम्पोने पाठवलंय, ते बघ तिथे. बाकीचं ती स्वतः आणणार म्हणाली."

आत्याचं शिवणाचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं, आणि तरीही ती नेहमी शेवटी यायची.

अट बाबांची होती. महिनाअखेर ते तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जाणार होते, गॅरेजच्या मालकाला दुसरा भाडेकरू मिळाला होता. मागे भिंतीला टेकून उभी असलेली गाडी भंगारवाला बघून गेला होता आणि उद्या सकाळी दोर घेऊन येणार होता. तेव्हा कवळी म्हणाली होती, मला द्या ती. आणि बाबा म्हणाले होते, "आज रात्रीपर्यंत तिघांकडचा एकूण एक भाग या छपराखाली येऊ दे. आला तर गाडी तुझी. एक जरी कमी पडला तर भंगार. उगाच अर्धवट आशेवर मी आणखी एक वर्ष काढणार नाही."

भाग तिघांकडे असण्याला कारण होते उस्ताद, म्हणजे कवळीचे आजोबा, मुलांचे अण्णा. त्यांनी अर्ध्या गावाला याच गाडीवर गाडी शिकवली. ते गेले, आणि गाडी कुणाची यावरून त्यांच्या तीन मुलांत अशी जुंपली की बाकीचं घर, भांडी, कपाटं वाटून झाली तरी गाडी वाटेना. एखाद्या सकाळी दुसरा ती चालवत घेऊन जाईल या धास्तीने प्रत्येकजण आळीपाळीने गॅरेजमध्ये झोपायला लागला. शेवटी थोरल्यानेच तोडगा काढला. गाडीचं पोट उघडायचं आणि इंजिन वाटून घ्यायचं. ठोकळा आणि गाडी मधल्याकडे. क्रँक, पिस्टन, पिस्टनचे रॉड आणि ठिणगीचा डिस्ट्रिब्युटर थोरल्याकडे. ठोकळ्याच्या वर बसतं ते हेड धाकटीकडे, आणि रॉडच्या खालच्या चार टोप्याही तिच्याच, कारण रॉड टोपीशिवाय क्रँकला धरत नाही, आणि थोरल्याकडे दोन्ही गेलं तर तो काय करेल याचा नेम नाही. शेजारीपाजारी हसून हसून लोळले. पण तिघं रात्री आपापल्या घरी झोपायला लागले.

कवळी तेव्हा आईच्या पोटात होती. म्हणून या घरातली ती एकटीच अशी होती, जिने त्या इंजिनाचा आवाज कधीच ऐकला नव्हता.

"कसा होता हो आवाज?" तिने आज पुन्हा विचारलं. लहानपणापासून विचारत आली होती.

"शिलाई मशीनसारखा," काका म्हणाले. "एकसारखा. गोड."

"कुठलं शिलाई मशीन?" आत्या दारातून बोलत आत आली. खांद्यावर कापडी पिशवी, गळ्यात टेप. "मी दिवसभर मशीनवर बसते, मला सांगतोयस? पातेल्यावरचं झाकण वाफेने वाजतं ना, तसा होता."

"अण्णांनी घसा साफ करावा तसा," बाबा फडकं झटकत म्हणाले.

तिघं एकमेकांकडे बघायला लागले. झाकण, मशीन, घसा. कवळीला यातलं काहीच एकमेकांत बसवता येईना, आणि म्हणूनच तिचा जीव त्यात अडकला होता.

"चार भांडी आहेत ना," बाबा तिला ठोकळ्यातली भोकं दाखवत म्हणाले, "ती ओळीने पेटत नाहीत. एक, मग तीन, मग चार, मग दोन. एकापाठोपाठ एक ओळीने पेटली तर दांड्यावर ताण येतो."

"म्हणजे आपल्या घरासारखंच," काकू म्हणाली. "एक पेटला की शेजारच्याने जरा दम धरायचा."

तीन

हत्यारं कवळीने महिनाभर जमवली होती. साखळीची कप्पी सामान हलवणाऱ्यांकडून. पिस्टनच्या रिंगा दाबायचं साधन विकत मिळतं, पण तिने डब्याचा पत्रा कापून त्याला पाइपाची पकड लावली आणि भागवलं. मोजून आवळणारा पाना लॅबमध्ये होता, पण तो दातातले स्क्रू आवळायचा, काडीएवढा. काकांनी तो हातात धरून "हा इंजिनाला की मुंगीला?" असं विचारलं होतं. मग बस डेपोच्या फोरमनकडून हातभर लांब पाना आला. त्याच्या बदल्यात फोरमनच्या आईची कवळी दुरुस्त करून द्यायची होती, आणि ती बाई इतकी बोलत असे की कवळी तिसऱ्यांदा तुटली होती.

क्रँक ठोकळ्यात बसवून झाल्यावर आत्याने पिशवी उलटी केली. टेबलावर चार लोखंडी अर्धी कडी खणखणत पडली, तळहातात मावतील एवढी. प्रत्येकीवर छिन्नीने नंबर ठोकलेला.

"मोजून घ्या बाई. एक, दोन, तीन, चार. नंतर बोंब नको."

काकांनी सवयीने खिशातून टॉर्च काढला. आयुष्यभर वजनमापं तपासण्याची नोकरी होती त्यांची. दुकानात गेले की अजूनही तराजूखाली वाकून बघत. वाटणी झाली त्याच वर्षापासून त्यांनी पाहणी सुरू केली होती. हिवाळा सरत आला की एक दिवस तिघांनी तिघांच्या घरी जायचं आणि एकमेकांचे भाग जागेवर आहेत ना, कुणी विकले नाहीत ना, बघायचं. सकाळी गॅरेज, दुपारी काकांकडचं कपाट, संध्याकाळी आत्याचं दुकान.

पहिल्या वर्षी कुणी कुणाकडे पाणीसुद्धा प्यायलं नाही, असं काकू सांगायची. दुसऱ्या वर्षी मधल्याला ठसका लागला म्हणून पाणी झालं. मग चहा आला. मग एकदा आत्याकडे पोचेपर्यंत अवकाळी पाऊस धो धो, म्हणून तिथेच जेवले. पुढच्या वर्षी आकाश कोरडं ठणठणीत होतं तरी जेवले. आत्याचा नवरा गेला त्या वर्षी सगळे तिच्याकडे झोपायलाच राहिले, आणि काका टॉर्च काढायचंच विसरले, ते त्यांना सकाळी आठवलं. कवळीला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं. वर्षातून एकदा नातेवाईक येतात आणि पलंगाखाली बघतात.

"चला," ती म्हणाली, "आधी प्रत्येक रॉडला त्याची टोपी नुसती लावून बघते."

"नंबर आहेत की," काका म्हणाले.

"नंबर वाचतात डोळे. माझी ही वाचते." तिने लॅबमधली वाकड्या टोकाची बारीक सळई उचलली, डॉक्टर दात टोकरून बघतात तसली. "रॉड आणि टोपी एकत्र धरून भोक पाडलेलं असतं. आपली टोपी असली की सांधा लागत नाही. परकी असली की सळई अडखळते. दाताच्या टोपीचंही तेच."

ती एक आणि चारची जोडी आधी घेते म्हणाली, कारण ते पिस्टन एकदमच वर येतात आणि एकदमच खाली जातात. एक नंबरची टोपी तिने रॉडवर चढवली, पान्याने आवळली, टक् असा आवाज आला तिथे थांबली, आणि सळई आतून गोल फिरवली. सळई तेलासारखी सरकली. चार नंबरही तसाच. टोप्या पुन्हा सोडवल्या आणि पिस्टन भांड्यात उतरले. पत्र्याच्या पकडीतून ते खाली जाताना बाबांनी हातोडीच्या दांड्याने वरून हलकेच ठोकलं आणि प्रत्येक ठोक्याला "हळू रे" असं म्हणत काकांनी श्वास रोखला. दोन भाऊ, एक हातोडी, आणि मध्ये खुर्चीवर बसलेला पेशंट. काकूने कोपऱ्यातल्या खोक्यावर बसून चहाचे कप धरले होते, ते कुणी घेईना.

"फिरव," काका म्हणाले. कवळीने खालून टोप्या आवळून क्रँक हाताने फिरवला. दोन पिस्टन वर आले, खाली गेले.

"बघ," बाबा म्हणाले. ते हळूच म्हणाले, स्वतःलाच.

तीन नंबरची टोपी चढवताना कवळीच्या बोटाला निळं काहीतरी लागलं. तिने टोकरून बघितलं. शिंप्याचा खडू. टोपीच्या खाचेत गच्च बसला होता. चारच्या टोपीतही होता, तिने पुसून काढला होता मघाशी.

"वजन म्हणून वापरते ग मी," आत्या म्हणाली. "कागदाचा नमुना कापडावर ठेवला की हलायला नको. यांच्याइतकं चांगलं वजन मिळत नाही."

तिसरा पिस्टन उतरला. राहिला दोन.

दोन नंबरची टोपी उचलली तेव्हाही कवळीच्या काही लक्षात आलं नाही. आकार तोच, वजन तेच, अंक ठसठशीत. तिने ती चढवली, आवळली, सळई आत घातली आणि फिरवली. सांध्यापाशी सळई थांबली.

तिने पुन्हा फिरवली. दुसऱ्या बाजूने फिरवली. केसाच्या जाडीएवढी पायरी होती तिथे. दातात असती तर जिभेला दिवसभर टोचत राहिली असती.

बाबांनी तिचा हात थांबलेला बघितला होता.

"काय झालं?"

चार

"ही याची नाही," कवळी म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे नंबर दोनच आहे. पण या रॉडची टोपी ही नाही. दुसऱ्या कुठल्या तरी इंजिनाची आहे."

मग सगळे एकदमच बोलायला लागले.

"म्हणजे बदलली कुणीतरी," काका म्हणाले. "मी सांगत होतो. मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो. पाहणी का ठेवली मग मी?"

"पाहणीला येऊन मोजायचास तूच," बाबा म्हणाले. "हातात घ्यायचास तूच."

"माझ्यावर संशय?"

"दुसऱ्या कुणी हातात घेतल्या त्या? मी तर दारात उभा राहायचो."

"दारात उभा राहून नाक मुरडायचास! आणि मी कशाला बदलेन? मला काय फायदा?"

"तुला आज सकाळीही वाटत होतं गाडी कवळीला जाऊ नये. टॅक्सीतून उतरलास तेव्हा चेहरा बघितला नाही का मी?"

"पाठ दुखत होती माझी!"

"अहो, खरंच दुखत होती," काकू म्हणाली. "पण चेहरा नेहमीच तसा असतो, त्याला पाठ लागत नाही."

काका तिच्याकडे वळले. "तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"मी त्या दांड्याच्या बाजूने आहे. त्याने निदान इतकी वर्षं कपाटात तोंड मिटून दिवस काढले."

बाबांनी फडकं टेबलावर टाकलं. कवळीने त्यांना असं फडकं टाकताना कधी बघितलं नव्हतं. "ठरलं होतं ते ठरलं होतं," ते म्हणाले. "एकूण एक भाग. मी भंगारवाल्याला फोन करतो, सकाळी लवकर ये म्हणतो. सुटलो एकदाचा."

"थांबा बाबा."

"काय थांबा? एक टोपी नाही म्हणजे इंजिन नाही. तूच सांगितलंस."

"बाजारात दुसरी मिळेल ना," काकू म्हणाली.

"नुसती टोपी नाही चालत, काकू. रॉडसकट बदलावी लागेल आणि चारही रॉडचं वजन जुळवावं लागेल. आणि आज रात्रीपर्यंत तर—"

"आज रात्रीपर्यंत," बाबा म्हणाले.

काका गॅरेजमध्ये येरझारा घालायला लागले आणि तीन येरझारांत त्यांनी बाजू बदलली. "थांब मधल्या. रागावू नकोस. तू नाहीस आणि मी नाही, असं धरू. मग उरलं कोण? टोप्या कुणाकडे होत्या?"

सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. आत्या गाडीच्या मडगार्डवर टेकून कुठल्यातरी पँटची खालची किनार उसवत होती. काम बरोबर घेऊनच आली होती. तिने मान वर केली नाही.

"तिला कशाला मध्ये घेतोस?" बाबा म्हणाले. "तिला क्रँक कुठला आणि कार्ब्युरेटर कुठला हे कळत नाही."

"तेच म्हणतोय मी. भोळी आहे. कुणीतरी येऊन गोड बोललं असेल, टोपी बदलून घेऊन गेलं असेल. तो भंगारवाला नाही का तिच्या दुकानासमोर गाडी लावत!"

"बरोबर," बाबा म्हणाले. "भंगारवालाच असेल."

आत्ता पाच मिनिटांपूर्वी एकमेकांचे गळे धरायला निघालेले भाऊ आता खांद्याला खांदा लावून एका तिऱ्हाईताला चोर ठरवत होते, आणि त्यात त्यांना बरंही वाटत होतं. काकूने शेवटी एक थंड कप स्वतःच पिऊन टाकला.

कवळी टोपी उजेडात फिरवून बघत होती. तेल लावलेलं. स्वच्छ. कडेकोपऱ्यांत, बोल्टच्या भोकांत, आतल्या खाचेत, कुठेही निळ्या खडूचा कण नव्हता. बाकी तिघींच्या अंगात वर्षानुवर्षांचा खडू मुरला होता आणि ही जणू कालच जन्मली होती. आणि तो अंक. ठोकताना छिन्नीने वर उचललेली कड अजून बोटाला बोचत होती.

तिने टोपी एप्रनच्या खिशात टाकली.

"मी दुसऱ्या नंबरचा रॉडच एकदा नीट मापून बघते," ती म्हणाली. "कधीकधी रॉडही वाकतो. भंगारवाल्याला एवढ्यात फोन करू नका. आत्या, तुझ्या दुकानात ते मोठं भिंग आहे ना, काज करायला वापरतेस ते? चल, घेऊन येऊ."

"तू जा. किल्ली देते."

"मला नाही सापडायचं. चल."

आत्याने पँटची घडी घातली, सुई कॉलरमध्ये खोचली आणि उठली.

दोन

दोघी निघाल्या. रविवारची दुपार, रस्त्यावर एक कुत्रं आणि दोन लावलेल्या सायकली. आत्याने शटर अर्धं उचललं आणि दोघी वाकून आत शिरल्या.

कापायच्या टेबलावर कुणाच्यातरी कोटाचा कागदी नमुना पसरलेला होता. तो उडू नये म्हणून एका टोकाला कात्री, दुसऱ्या टोकाला रिकामी बरणी, तिसऱ्या टोकाला इस्त्री. चौथ्या टोकाला टोपी होती. निळ्या खडूने माखलेली.

आत्याने ती लपवलीसुद्धा नव्हती.

कवळीने खिशातली टोपी काढून तिच्या शेजारी ठेवली. दोन्हीवर दोनचा आकडा.

"सळईने कळलं?" आत्याने विचारलं.

"खडूने."

"अरे देवा." आत्या शिवणाच्या स्टुलावर बसली. तिला हसू आलं, ते तिने ओठांत धरलं. "तेल लावलं, अंक ठोकून घेतला, खडूचं डोक्यातच आलं नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात गेले होते ग मी. कुठली पाहिजे म्हणाला तर मी ही पिशवीतून काढून दाखवली. अशीच द्या म्हटलं."

"का पण?"

आत्या मशीनचं चाक हाताने थोडं पुढे, थोडं मागे करत राहिली.

"तुझ्या काकाला ओळखतेस ना तू? कामाशिवाय तो स्वतःच्या लग्नालासुद्धा गेला नसता. आणि तुझे बाबा, आता तिसऱ्या मजल्यावर जाणार. ते खाली उतरतील?"

"उतरतील की."

"कशाला? इंजिन जुळलं, गाडी तू नेलीस, छान झालं. मग पुढच्या हिवाळ्यात ते दोघं माझ्याकडे येऊन काय बघणार?"

"तुला बघतील. बहीण आहेस त्यांची."

"बहीण हे कारण नसतं ग," आत्या म्हणाली. "बहीण सगळ्यांनाच असते."

आम्ही येऊ ग, मी आणीन त्यांना, असं कवळीला म्हणता आलं असतं. पण हे असं लोक म्हणतात आणि त्याचं पुढे काय होतं, ते दोघींनाही माहीत होतं. टोपी तिच्या हातभर अंतरावर होती. नुसती उचलून घेतली असती तरी आत्याने अडवलं नसतं. तिला ते जमेना.

"मला आवाज ऐकायचाय, आत्या," ती म्हणाली. "बास. गाडी चालवायचीसुद्धा फार हौस नाही मला. तुम्ही तिघं तीन सांगता. झाकण, मशीन आणि घसा. तिन्ही एकदम कसं असेल? मी लॅबमध्ये बसून कितीदा विचार केलाय. नाही जमत."

"ऐकून काय करशील?"

"माहीत नाही. कळलं असतं तर ऐकायची गरजच नव्हती."

आत्या तिच्याकडे बघत राहिली. नमुना घ्यायच्या आधी ती गिऱ्हाइकाकडे बघायची तसं, खांद्यापासून खांद्यापर्यंत.

"अण्णांना मी शेवटचं गाडी लावताना ऐकलं," ती म्हणाली. "आम्ही भांडत बसलो आणि नंतर कुणी ती सुरूच केली नाही. तो शिलाई मशीन म्हणतो, मी झाकण म्हणते. खरं सांगू? मला आता आठवतच नाही. पहिल्यांदा काय बोलले तेच बोलत आलेय."

तिने हात लांब करून निळी टोपी उचलली. कोटाच्या नमुन्याचं ते टोक सुटलं आणि कागद गुंडाळी होत टेबलाच्या मध्यापर्यंत आला. आत्याने तो सरळ केला नाही.

"चल. पण लावणार मी. तू नुसतं कसं ते सांग."

गॅरेजमध्ये भाऊ दोन खोक्यांवर शेजारीशेजारी बसले होते. भंगारवाल्याने टोपी कशी पळवली असेल याची त्यांची गोष्ट आता इतकी पुढे गेली होती की तिच्यात एक पडक्या भिंतीवरून मारलेली उडीही आली होती. आत्या सरळ त्यांच्यापुढे गेली आणि तळहात उघडला.

"ही घ्या. माझ्याकडेच होती."

गोष्ट उडीतच थांबली.

"तुझ्याकडे? मग ती दुसरी?" काका म्हणाले. "का?"

"वजन म्हणून बरी पडते."

एवढंच. काकूने आत्याच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं आणि मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "अहो, उठा. तिला पाना द्या. मोठा तो. आणि प्रश्न विचारू नका, विचाराल तर टॅक्सीत तुम्हाला उभं बांधून नेईन."

कवळीने खाचेतला खडू काढला, टोपी चढवली आणि सळई आत्याच्या हातात दिली. "फिरव. अडते का बघ."

आत्याने श्वास रोखून फिरवली. "नाही अडत."

"दुसऱ्या बाजूने."

"नाही. अगदी शिवण नसल्यासारखी."

मग दुसरा पिस्टन उतरला, आत्याने बोल्ट आवळले, पाना टक् म्हणाला तेव्हा दचकली, आणि उरलेला बोल्टही टक् करून घेतला. क्रँक फिरवायला सगळ्यांनाच हात हवा होता. काकांनी फिरवला. बाबांनी फिरवला. काकूने दोन बोटांनी धरून बघितला आणि "कपाटात होता तेव्हा एवढा गुणाचा वाटला नव्हता" म्हणाली. दोन पिस्टन वर, दोन खाली, मग ते खाली, हे वर. तेलाचा मऊ, ओला आवाज येत होता. झाकणाचा नव्हता, मशीनचा नव्हता. पण तो अजून इंजिनाचा नव्हताच. कवळी तरीही कान देऊन उभी होती.

"झालं मग," बाबा म्हणाले. "आले सगळे भाग."

"एक मिनिट, ठिणगीचं बघते." कवळीने काकांनी आणलेलं डिस्ट्रिब्युटरचं खोकं ओढलं. पेटायची पाळी कुणाची ते हाच ठरवतो, चौघांना आळीपाळीने ठिणगी वाटतो. वायरी होत्या, झाकण होतं. झाकणाखाली जो अंगठ्याएवढा रोटर फिरतो, त्याची जागा रिकामी होती. तो नसेल तर बाकी सगळं असूनही इंजिन खोकतसुद्धा नाही.

"काका, यातला रोटर?"

"नाहीये का?" काका ठोकळ्याकडे बघत म्हणाले. "राहिला असेल घरी. कपाटात. खालच्या कप्प्यात बहुतेक."

त्यांच्या शर्टाच्या खिशात टॉर्चच्या शेजारी काहीतरी अंगठ्याएवढं होतं, आणि कापडावर त्याचा उंचवटा उमटला होता. कवळीला तो दिसला. तिला असंही दिसलं, की बाबांनाही तो दिसलाय.

एकूण एक भाग, असं ठरलं होतं. बाबा शब्दाचे पक्के. त्यांनी आयुष्यभर लोकांना वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत अक्षरं वाचायला लावली होती आणि एकही अक्षर कधी सोडलं नव्हतं. ते भावाच्या खिशाकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला, फडकं शोधलं आणि काचा पुसायला लागले.

"आले म्हटलं ना सगळे," चष्म्याशिवाय ते गॅरेजच्या दाराकडे तोंड करून म्हणाले. "गाडी तुझी. उद्या भंगारवाल्याचा दोर आहेच, त्यानेच ओढून तुझ्या लॅबच्या अंगणात लाव म्हणतो."

आत्या खाली वाकून बोल्टांकडे बघत होती. तिचे खांदे हलत होते. रडत होती की हसत होती, ते पाठीवरून कळेना. कवळी तिला विचारणार होती, पण काकाच मध्ये खाकरले.

"मी पाठवून देईन तो रोटर. कुणाच्या तरी हाती."

"नको," कवळी म्हणाली. "मीच येते न्यायला. बाबांना आणि आत्याला घेऊन येते. शनिवारी चालेल?"

"चालेल. पण कपाटात बराच पसारा आहे," काका म्हणाले. "लगेच सापडेलच असं नाही हं."

"नाही सापडला तर परत येऊ."